कार्बोरेटरवरचा ठिपका

"चांगला पार्ट काढून नेतात आणि जुना आणून बसवतात. आपल्याला कळत पण नाही," समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आईला सांगत होत्या.

मी बाल्कनीच्या दारात वाळलेले कपडे घडी करत बसले होते. काकूंनी आवाज हळू केला होता, पण त्यांचा हळू आवाजही दोन खोल्यांपर्यंत जायचा. खाली, बिल्डिंगच्या मागच्या वाळूत, ज्याच्याविषयी हे चाललं होतं तो माणूस आमच्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकला होता. शेजारी बाबा भर उन्हात टॉर्च धरून उभे होते. मला तेव्हाच वाटलं, की बाबांना टॉर्च धरायला लावली म्हणजे त्यांचे हात आणि डोळे दोन्ही गुंतवले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही शारजात राहायचो. गाडी जपानी, पांढरी, छोटी, दहा वर्षांची. बॉनेटचा रंग उन्हाने उडालेला, डॅशबोर्डला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. बाबांनी ती साडेचार हजार दिरहमला घेतली होती. "म्हणजे पन्नास हजार रुपये," आई लगेच म्हणाली होती, "आणि तीही बंद पडलेली."

ती माझ्यासाठी होती. चौथ्या टेस्टला मला लायसन्स मिळालं होतं. दुबईत ऊद मेथाला, माझ्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर, एका ऑफिसात डेटा एन्ट्रीची नोकरी लागली होती. रोज कारलिफ्टच्या व्हॅनमध्ये दहा अनोळखी माणसांबरोबर बसून जायचं. त्यांच्यातलं कोणी काही विचारलं, की मी इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायचे आणि खिडकीकडे बघायचे. आईबाबांशीही माझं पुष्कळदा तसंच असायचं.

गाडी दुरुस्त करणारा माणूस रत्नागिरीकडचा. इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये तो कामाला होता आणि सुट्टी फक्त शुक्रवारची. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर बाबांची आणि त्याची ओळख झाली. "गाडी मी उभी करून देतो, काका. तुम्ही फक्त पार्टचे द्या, आणि काकींच्या हातचं जेवण," असं तो म्हणाला. बाबांना हे फार आवडलं. काकूंना मात्र हेच खटकलं. "एवढ्या स्वस्तात कोण राबतं हो? यात काहीतरी असणारच."

मला तो बोलतो फार, एवढंच आधी खटकलं होतं. मी खाली पाण्याची बाटली घेऊन गेले, की न विचारता माहिती द्यायचा. "ताई, हा कार्बोरेटर. पेट्रोल आणि हवा इथे मिसळते. हे गाडीचं नाक म्हणा. नाक चोंदलं की गाडीला दम लागणार की नाही? आणि हा सेल्फ. किल्ली फिरवली की पहिला हाच जागा होतो. आळशी झालाय तुमचा. माझ्या भाच्यासारखा." बाबा हसायचे. मला म्हणायचे, "अगं, दादा म्हण त्यांना, बोल काहीतरी." मी दादा म्हटलं नाही. त्याला मी कशानेच हाक मारत नव्हते. बाटली ठेवायची आणि वर यायचं.

पण नावं मी सगळी लक्षात ठेवली. एका वहीत इंजिनचं चित्र काढून कुठे काय ते लिहून ठेवलं. शिकायला म्हणून नाही. काकूंचं ते वाक्य ऐकल्यापासून मला वाटत होतं, की या घरात कोणीतरी डोळे उघडे ठेवायला हवेत.

तिसऱ्या शुक्रवारी तो म्हणाला, "कार्बोरेटर आणि सेल्फ मी रूमवर घेऊन जातो, काका. इथे वाळू उडते. शिवाय बलदियावाल्यांनी बघितलं तर तुम्हाला दंड. आठवडाभरात निवांत साफ करतो." म्युनिसिपालिटी उघड्यावर गाडी दुरुस्त करू देत नाही हे खरं होतं. पण वाळू मागच्या दोन शुक्रवारीही उडत होती.

खुणेची कल्पना मात्र माझी नव्हती, आमच्या सगळ्याच घरांतली होती. मंडळाच्या जेवणाला प्रत्येकाकडून पातेली, परातींचे ढीग जायचे आणि परत येताना अदलाबदल व्हायची. म्हणून सगळ्या बायका भांड्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका लावायच्या. काकूंचा चंदेरी, आमचा गडद गुलाबी. वर्षानुवर्षं घासूनही तो जात नसे. त्या ठिपक्याला कोणी नाही म्हणू शकत नसे. एकदा काकू स्वतः चंदेरी ठिपका दाखवून दुसऱ्या बाईच्या घरातून आपली परात घेऊन आल्या होत्या.

दुपारी बाबा त्याला जेवायला वर घेऊन आले. आई वाढता वाढता मला म्हणाली, "खाली हत्यारं उघडी पडलीत, जरा लक्ष ठेव." मी नेलपॉलिशची बाटली मुठीत धरून खाली गेले. वॉचमनची पाठ होती. कार्बोरेटरच्या खालच्या बाजूला, जिथे फक्त बोट पोचतं, तिथे एक ठिपका. सेल्फवर एक. चारी व्हीलकॅपच्या आतून एकेक. खोटं कशाला सांगू, मला त्यात मजा येत होती.

संध्याकाळी दोन्ही वस्तू गोणपाटात गुंडाळून तो घेऊन गेला. आईने रात्रीसाठी डब्यात भाजी-पोळी दिली.

पुढच्या शुक्रवारी त्याने गोणपाट उघडलं आणि बाबा म्हणाले, "अरे, नवाच दिसतो की!"

"साफ केला, काका. धुतल्यावर सगळेच गोरे."

दोघं बॅटरीकडे वळले तेव्हा मी कार्बोरेटर उचलला. खालून बोट फिरवलं. मग उलटा केला. ठिपका नव्हता. सेल्फवरही नव्हता. दोन्हींना एक वेगळाच, डोक्यात जाणारा वास येत होता. वर जाऊन मी वहीत लिहिलं: खूण नाही, वास वेगळा. तो वास मी ओळखायला हवा होता. माझ्या टेबलाच्या खणात तसाच वास होता.

स्वयंपाकघरात जाऊन मी आईला एवढंच सांगितलं, "मी खूण केली होती. ती नाहीये." आई गॅस बंद करून माझ्याकडे वळली. माझ्या बोलण्यावर कोणी गॅस बंद करावा असं याआधी झालं नव्हतं.

संध्याकाळी पार्ट बसवून, गाडी चालू करून दाखवून तो गेला, तेव्हा आईने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "तसा माणूस नाही तो."

"मग ठिपका काय उडून गेला?" आई म्हणाली.

"आणि जुना बसवला असेल तर गाडी अशी चालू कशी झाली? एका किल्लीत!"

याला उत्तर काकूंकडे होतं. "चार दिवस चालेल. मग खलास. तेव्हा बघा."

बाबांनी त्याला फोन केला. पुढच्या शुक्रवारी पाहुणे यायचेत म्हणाले. त्यानंतरच्या शुक्रवारीही पाहुणेच यायचे होते. तिकडून तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ वर्तमानपत्र एकाच पानावर धरून बसले.

पासिंगच्या आधी रंगाचं काम राहिलं होतं ते बाबांनी स्वतःच करायचं ठरवलं. बंपरवर थोडा फासला आणि त्याचे शिंतोडे व्हीलकॅपवर उडाले. "थिनर दे," म्हणाले. व्हीलकॅप मांडीवर घेऊन त्यांनी तो आतून-बाहेरून पुसला आणि फडकं माझ्या हातात दिलं. त्यावर पांढऱ्या रंगाच्या शेजारी एक गुलाबी डाग होता. बाबांचं लक्ष नव्हतं. मी व्हीलकॅपच्या आत पाहिलं. ठिपका गेला होता.

आणि तोच वास.

घरी येऊन मी बाथरूमची कडी लावली. एका चमच्याला ठिपका लावला, वाळू दिला, साबणाने घासला. राहिला. थिनरचा बोळा फिरवला. दुसऱ्या वेळेला चमचा कोरा. नेलपॉलिश काढायची बाटली माझ्याच खणात असताना हे मला सुचलं नव्हतं. त्याने कार्बोरेटर थिनरने धुतला होता, जसा धुवायला हवा तसा. बस.

मी कोणाला सांगितलं नाही.

आज सांगू, उद्या सांगू करत दोन आठवडे गेले. गाडी पासिंगला पहिल्या फेरीत पास झाली. मी ती ऊद मेथाला घेऊन जाऊ लागले. रोज सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ लगेच जागा व्हायचा. आळशी नव्हता आता. मला वाटायचं, एखाद्या दिवशी तरी ही बंद पडावी.

मी एका वाक्यात आईला सांगितलेलं पार बाहेर पोचलं होतं. काकूंची गाडी तो करणार होता, त्यांनी नको कळवलं. मागच्या बिल्डिंगमधल्या जोडप्यानेही. त्याचं शुक्रवारचं काम आमच्यासारख्या घरांवरच चालायचं. मी जेवताना मान खाली घालून ऐकायचे. आता मला काकूंचा संशय येत नव्हता, बाबांचा नाही, त्याचा तर नाहीच. माझाच यायचा. आपण गप्प आहोत ते लाजाळू म्हणून, की सोयीचं आहे म्हणून?

त्या शुक्रवारी बाबा भाजी आणायला गेले होते. काकू आमच्याकडे चहा घेत बसल्या होत्या.

"आमच्या यांना त्याच्या अरबाबाचा नंबर मिळालाय," त्या म्हणाल्या. अरबाब म्हणजे गॅरेजचा मालक, ज्याच्या व्हिसावर तो होता. "दुपारचा नमाज झाला की फोन करणार आहेत. शुक्रवारी बाहेर कामं करतो, पार्ट बदलतो, सगळं सांगणार."

"अहो, नोकरी जाईल त्याची," आई म्हणाली. "व्हिसा कॅन्सल करून परत पाठवतील."

"मग पाठवू देत. उद्या आणखी कोणाला फसवलं म्हणजे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कपबशा उचलू लागले. बेल वाजली.

दारात तोच होता. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, हातात गोणपाटाची पिशवी. चपला काढल्या नव्हत्या.

"काका आहेत?"

मी मान हलवली.

"मग तुम्हीच घ्या, ताई. तुमच्याकडचं माझ्याकडे राहिलं होतं." तो उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला आणि एकेक वस्तू काढून आत ठेवू लागला. जॅक. दोन पाने. बाबांची टॉर्च. शेवटी आईचा डबा. तो आरशासारखा घासलेला होता. त्याने तो उलटा केला आणि बूड माझ्याकडे धरलं.

"तुमचाच आहे. खूण बघून घ्या."

गुलाबी ठिपका जागच्या जागी होता. एवढा घासूनही. त्याला कोणी काय सांगितलं होतं, कोणी सांगितलं होतं, मला कधी कळलं नाही. तो चिडलेला दिसत नव्हता. नुसता उठायच्या तयारीत होता.

आतून काकूंनी विचारलं, "कोण आलंय गं?"

अशा वेळी मी "नोबडी" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. माझा हात दाराच्या कडीवर होताही. मी डबा घेतला, दार पूर्ण उघडं केलं, म्हणजे आतून तो दिसेल. आवाज निघाला तो माझ्या अंदाजापेक्षा मोठा.

"दादा, आत या. काकू, फोन करू नका. यांनी काहीही बदललेलं नाही. तो ठिपका मी लावला होता, थिनरने धुतल्यावर तो निघून गेला, आणि हे मला दोन आठवड्यांपासून माहीत आहे."