जेवणानंतर तीन वेळा, कानडीतून

सगळ्यात आधी आली ती एस्तेरअक्का... आमच्या पास्टरांची बायको. तिच्यामागून चर्चमधल्या आणखी दोघी, केळी घेऊन. इंदिरानगरातल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, दोन जिने चढून धापा टाकत आल्या. आणि मी आपली पलंगावर, भिंतीकडं तोंड करून.

बाथरूममध्ये पडले होते ना मी... प्लॅस्टर निघून तीन आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणे हाड जुळलंय, चाला. पण पाय टेकवला की जीव नुसता घाबरा व्हायचा. प्रकाश, माझा मुलगा, विनवून दमला. मला वाटायचं, आता पलंगावरून थेट कबरस्तानातच.

तर अक्कानं प्रार्थना केली आणि एका चिठ्ठीवर देवाचं वचन लिहून दिलं. "अज्जी, हे औषध आहे. दिवसातून तीन वेळा, खाणं झाल्यावर. चुकवायचं नाही."

त्या गेल्यावर चिठ्ठी उघडली... तर कानडी! मी तिसरी पास, तीपण मराठीत. प्रकाश आणि सून नोकरीसाठी पुण्याहून इकडं कानडी मुलखात आलेले, त्यांनाही कानडी वाचता येत नाही.

प्रकाश म्हणाला, फोननं फोटो काढून मराठी करून देतो. मी म्हटलं, डॉक्टरनं लिहिलेली गोळी सोडून तू दुसरीच घेतोस का रे? लिहून दिलंय तेच घ्यायचं.

मग आठवला मंजण्णा, इथलाच कानडी माणूस... खाली गेटजवळ त्याचा इस्त्रीचा गाडा असतो. पण पेटलेली इस्त्री टाकून तो वर कसा येणार? आणि वचन तर चुकवायचं नव्हतं. निघाले... मागं वॉकर घेऊन प्रकाश, माझ्या हातात कठडा, तोंडात प्रभूचं नाव. एकेक पायरी. अर्धा तास लागला.

मंजण्णा कपाळभर भस्म लावणारा माणूस. पण देवाचं आहे म्हटल्यावर चपला काढल्या आणि खणखणीत वाचलं. मला एक अक्षर कळलं नाही... पण गोळीत काय असतं ते तरी कुठं कळतं? देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा आणि घ्यायची.

रोज तीनदा खाली, तीनदा वर. चौथ्या दिवशी वॉकर घरीच विसरले. आठव्या दिवसापर्यंत मंजण्णाला सगळं पाठ... मी जिन्यात दिसले की सुरू. त्या नादात प्रकाशचा ऑफिसचा शर्ट जाळला. मी म्हटलं, शर्ट गेला पण आई चालायला लागली, सरी ना? बरोबर ना?

काल त्या तिघी परत आल्या तेव्हा मी गाड्यापाशीच उभी. अक्काचे डोळे भरून आले. मी विचारलं, बाई, आहे तरी काय त्या चिठ्ठीत?

अक्का म्हणाली, "अज्जी, मेंढपाळाचं स्तोत्र. तुम्हाला तोंडपाठ आहे म्हणून तर तेच दिलं. मला मराठी लिहायला कुठं येतं?"

अहो, लहानपणापासून म्हणतेय मी ते! दोन पोरं त्याच्यावर निजवली. आधी लाज वाटली, मग इतकी हसले की गाड्याला धरून उभं राहावं लागलं. हे टाईप करताना सुनेलाही हसू आवरत नाहीये.

पण खरं सांगू? मराठीत असतं तर लोळतच म्हटलं असतं, भिंतीला ऐकवत. मला उठवायला त्या प्रभूला कानडी बोलावं लागलं... त्याची स्तुती असो.

आता त्या तिघी गुरुवारी साडेचारला येतो म्हणाल्यात. मी सांगितलंय, वर चढू नका, मी खाली येते.