लाभाची चिठ्ठी

तुलाराम गभणे यांना मोहाडी तालुक्यातल्या त्यांच्या गावात कोणी शेतकरी म्हणत नाही, जरी तीन एकर धान ते स्वतः पिकवतात. त्यांना मापारी म्हणतात. इलेक्ट्रॉनिक काटा आला तरी कापणीच्या बायांची मजुरी अजून पायलीनेच मोजतात, आणि मोजायला तुलारामच लागतात. चाळीस वर्षांत त्यांच्या मापावर भांडण झालेले नाही. इतकी शांतता गावात दुसऱ्या कुठल्याच विषयावर नाही.

याच लौकिकामुळे तीन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाने, मिथुनने, बारा चिठ्ठ्या त्यांच्या हवाली केल्या होत्या. मिथुनने बायकोच्या, डिंपलच्या, संमतीने तिच्या गळ्यातला सोन्याचा गोफ मोडून क्रिप्टो घेतले होते. वॉलेट बंद पडले तर बारा इंग्रजी शब्द क्रमाने घालून ते परत उघडता येते, पण शब्द फोनमध्ये ठेवू नयेत, असे एका व्हिडिओने बजावले होते. डिंपलने सुवाच्य अक्षरात, नंबर घालून, एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द लिहिला. तुलारामांनी चिठ्ठ्या मोजून घेतल्या आणि गाठोड्यात बांधून कोठीत ठेवल्या.

यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत मिथुनचा फोन शेतात, बांधीच्या चिखलात पडला. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. तांदूळ या जिल्ह्यात भरपूर आहे. फोन मात्र उठला नाही. मिथुनच्या धाकट्या बहिणीचा, खुशबूचा, नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. फी भरायची शेवटची तारीख सोमवार. आज गुरुवार. आणि पैसे त्या वॉलेटात.

मिथुनने नव्या फोनवर वॉलेटचे ॲप टाकले आणि गाठोडे सोडले. दोन नंबरपासून बारा नंबरपर्यंत चिठ्ठ्या निघाल्या.

"बाबा, एक नंबरची कुठं हाये?"

"बारा हायेत. मोजून ठेवल्या मी."

"अकरा हायेत!"

तुलारामांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि खळ्यावरच्या सुरात मोजल्या. "दोन, तीन, चार..." शेवटची खाली ठेवताना म्हणाले, "बारा. बंद्या बारा."

मिथुनने त्याच चिठ्ठ्या मोजल्या. अकरा. दोघांचेही मोजणे निर्दोष होते.

बँक असती तर मॅनेजर निदान ओरडला तरी असता. इथे ओरडायलाही कोणी नेमलेले नव्हते. मिथुनने इंटरनेटवर हुडकून एका माणसाला फोन लावला. तो फार प्रेमाने म्हणाला, अकरा शब्द व्हॉट्सॲपवर पाठवा, बारावा आम्ही काढतो. मिथुन फोटो काढायला लागला, तसा डिंपलने फोन ओढून घेतला.

"त्याले पाठवता? मंग आपल्याजवळ काय रायते, माया रिकामा गळा?"

"मंग काय करू? सोमवारी खुशबूले काय सांगू?"

खुशबू ओट्यावर बसून होती. ती म्हणाली, "पुढच्या साली जाईन ना दादा." ते कोणालाच सहन झाले नाही.

तेवढ्यात चंद्रभागाबाई रोवणीवरून आल्या. सगळे ऐकून त्यांनी नवऱ्याला विचारले, "लाभाची धरली काय?"

"लाभाची गाठोड्यात कायले ठेवीन मी?" तुलाराम जवळजवळ दुखावले. "ते देवाची रायते."

धान मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ती देवाच्या नावाने बाजूला ओततात आणि पुढे दोन, तीन असे मोजतात. तुलाराम चाळीस वर्षांत कधी 'एक' म्हणालेच नव्हते. चिठ्ठ्यांसाठी तो नियम मोडण्याचे त्यांना कारण दिसले नाही.

"देवाची म्हंजे कुठं?" मिथुनचा आवाज फाटला.

"देवाच्या टोपल्यात. लाभाच्या धानात."

ते धान दरवर्षी हनुमान जयंतीच्या महाप्रसादाला जाते. म्हणजे तीनदा जाऊन झाले होते. मिथुन भिंतीला टेकून खाली बसला.

"उठ बाप्पा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "धान देलं म्या, चिठ्ठी कायले देऊ? मारुतीले इंग्रजी येते काय?"

चिठ्ठी देव्हाऱ्यात, मारुतीच्या फोटोच्या पायाशी होती. तीन वर्षे तिला रोज हळदकुंकू लागले होते. डिंपलने पदराने हलकेच पुसली, तर शब्द स्वच्छ दिसला. तो कोणता, हे इथे लिहिणे बरे नव्हे.

मिथुनने फोन खुशबूकडे दिला आणि बाराही शब्द तिने टाकले. ॲपवरचे चक्र फिरत राहिले. मग रक्कम दिसली. डिंपलने दोनदा वाचली आणि पहिल्यांदा मोठ्याने हसली. मिथुनला हसू आले नाही; त्याला भूक लागली. सकाळपासून तो जेवला नव्हता.

क्रिप्टो विकून पैसे शुक्रवारी बँकेत आले, शनिवारी फी गेली. पावती खुशबूने बापाच्या डोळ्यांसमोर धरली. तुलारामांनी ती दूर धरून, जवळ धरून पाहिली.

"याच्यात तुयं नाव कुठं हाये?"

तिने बोट ठेवले. त्यांनी त्या बोटाच्या बाजूला आपले बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.