शेवटच्या पानाला श्रोते पाहिजेत

लेखकांचा गट शोधायला निघालेल्या माणसाला गट मिळेलच असं नाही. किस्से मात्र मिळतात. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर धूळ बसावी, तसे ते आपोआप बसत जातात. कधीतरी झटकावे लागतात.

माझ्याकडे गोष्ट एकच होती. तिचं पहिलं वाक्य, 'आप्पा गेले, तेव्हा मोटर चालूच होती.' मोटर म्हणजे शेतातली, पाण्याची. रडारडीत ती बंद करायचं कुणाला सुचत नाही आणि पाणी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात शिरतं. या शेजाऱ्याशी आप्पांचा कैक वर्षांचा अबोला. तो तणतणत मोटर बंद करायला येतो. येऊन काय करतो, ते शेवटच्या पानावर.

ते पान जमलंय की फसलंय, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "मला तुमच्याबरोबर अजून राहायचंय. बाहेर विचारा."

*

पहिला गट जुळे सोलापूर या वसाहतीतला. सगळी रिटायर्ड मंडळी, दर रविवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर जमणारी. नियम एकच, कुणाचं मन दुखवायचं नाही. वाचन झालं की टाळ्या, टाळ्या झाल्या की उपमा.

मी रंगात येऊन वाचत गेलो आणि ऐन वेळी लक्षात आलं, शेवटचं पान घरी फ्रिजवर राहिलंय. शेजारी तणतणत निघालाय आणि पुढे कागदच नाही. माफी मागायला तोंड उघडलं, तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

यजमानबाई डोळे टिपत म्हणाल्या, "शेवट तर काळजालाच भिडला हो."

उपमा खरंच चांगला होता.

*

दुसऱ्या गटात वाचनाआधी सत्काराची पद्धत होती. पाहुण्यांचा सत्कार, अध्यक्षांचा सत्कार, नव्या सभासदांचा सत्कार, हॉल देणाऱ्याच्या भावाचाही सत्कार. माझ्या खांद्यावर सोलापुरी चादर घातली, फोटो काढला आणि आभार मानून कार्यक्रम संपवला. गोष्ट खिशातच.

पुढच्या महिन्यात सेक्रेटरींचा फोन आला. मी आनंदाने विचारलं, "वाचायला येऊ?"

"या ना. येताना तेवढी चादर आणा. आज दुसऱ्यांचा सत्कार आहे."

*

मग कुणीतरी सांगितलं, खरं शिकायचं तर भवानी पेठेत व्यंकटेश सरांकडे जा. सर शाळेतून निवृत्त झालेले, बोलणं कमी, हातात लाल पेन. त्यांच्या गटात कौतुकाला बंदी आणि काटछाटीला मुभा.

पहिल्याच बैठकीत सर म्हणाले, "शेवट म्हणजे लेखकाचा हट्ट. काढा." शेवटचं पान न वाचताच गेलं. पुढच्या बैठकीत शेजारी गेला. मग बांध, मग पाणी, मग रडारड. दिवाळीपर्यंत माझ्याकडे एकच वाक्य उरलं. आप्पा गेले, तेव्हा मोटर चालूच होती.

सरांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "आता हात लावू नका. गोष्ट झाली."

*

घरातल्या घरात बरं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या साहित्य ग्रुपमध्ये शिरलो. एका सकाळी सबंध गोष्ट, सरांनी काढलेल्या सगळ्या पानांसकट, टाकून ऑफिसला गेलो.

दुपारी पाहतो तर हात जोडलेल्या चित्रांची रांग. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'आप्पांच्या आत्म्यास शांती लाभो.' पहिल्या वाक्याखाली कुणी उतरलंच नव्हतं. संध्याकाळी ग्रुपमधलं एक जोडपं पिठलं-भाकरीचा डबा घेऊन दारात आलं. दार आप्पांनीच उघडलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. गोष्टीतल्या माणसाला दुसरं नाव द्यायचा मला कंटाळा आला होता. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डबा आत नेला आणि जेवायला बसले.

"भाकरी मऊ हाय," ते म्हणाले. "मी कसा गेलो, ते तरी वाचून दाखव की."

मी गोष्ट काढली, तर त्यांनी हात वर केला. "हितं नको. हितल्या लोकास्नी मोटर काय कळती? दत्ताकडं जाऊ."

*

दत्ता माझा मेहुणा, उजनीच्या पाण्याकाठी त्याचा ऊस आणि केळी. तिथे मोटरीची लाईट ठराविक वेळीच येते, म्हणून लोक त्याच्या शेडमध्ये वाट पाहत बसतात. त्यात भीमराव आणि सोपान हे दोघे बांधाला बांध लागून असलेले. मोटर दोघांत एक, पाणी पाळीपाळीने आणि बोलणं अजिबात नाही. काही सांगायचं झालं तर दत्ताला सांगायचं, "त्याला सांग, पाय आवर." ज्याला सांगायचं, तो हाताच्या अंतरावर बसलेला असतो.

मी पहिलं वाक्य वाचलं.

"मोटर किती एचपीची?" भीमराव म्हणाला.

पाचची, म्हटलं. मग पाइप किती इंची, रान उताराचं का सपाट, ऊस लागणीचा का खोडवा. सगळं ठरेपर्यंत चहा झाला. कुणीतरी म्हणालं, "आदी मोटर बंद करा की. मानूस गेला, पानी कशाला घालवताय?" आप्पा आपल्याच मरणाची चौकशी ऐकत शेंगा सोलत बसले होते.

शेवटी गोष्ट वाटेला लागली. शेजारी तणतणत निघाला. मी शेवटचं पान वर घेतलं आणि शेडमधला बल्ब भक्कन पेटला. लाईट आली! त्या दिवशी पाळी सोपानची. मी कागद मिटायला लागलो. जित्याजागत्या उसापुढे माझी गोष्ट काय टिकणार?

सोपान उठला नाही. कुणीच उठलं नाही.

"वाचा की," सोपान म्हणाला. "लाईट काय, परत येती."

मी शेवटचं पान वाचलं. टाळ्या नाहीत, वा नाही. आप्पांच्या हातातली शेंग तशीच. फसलं बहुतेक, असं मनाशी म्हणत मी चष्मा पुसत राहिलो.

मग सोपान उठला, टोपी झटकली आणि दाराशी थांबून दत्ताला म्हणाला, "त्याला सांग, आज पानी त्यानं घ्यावं."

भीमराव जमिनीकडे बघत होता.

"त्याला सांग," तो म्हणाला, "मला ऐकू आलंय."