ठकीनं विकलेला कॅमेरा

आत्यानं दिलेला कॅमेरा विकून दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा, हे ठकीनं ठरवलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. फोटोग्राफीत तिला उणंपुरं दीड वर्ष झालं होतं. म्हणजे बटणं सगळी कळायला लागली होती आणि अक्कल यायची होती.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी लाकडी बाहुलीसारखा गोल चेहरा, गोल डोळे आणि बसवलं तिथं बसून राहायची सवय, म्हणून आत्यानंच तिला ते चिकटवलं होतं. ठकीचे वडील शिंपी. रस्त्याच्या कडेला त्यांचं एका खोलीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. आत्या त्यांची थोरली बहीण. ती एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायची आणि तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत राहायची. लग्न तिनं केलं नाही. "का नाही केलंत?" असं कुणी विचारलंच, तर म्हणायची, "मला माणूस आरपार दिसतो ना, तीच पंचाईत आहे."

पगारातून तिनं स्वतःच्या हौसेनं घेतलेली एकच वस्तू म्हणजे तो कॅमेरा. "दिवसभर माणसांचे आतले फोटो काढते. बाहेरून कशी दिसतात तेही कुणीतरी बघायला नको का?" असं तिचं त्यावरचं म्हणणं. कॅमेऱ्याबरोबर एक रोजच्या वापराची लेन्स होती. दुसरी होती खास चेहऱ्यांसाठी, आखूड आणि वजनदार. तिच्यासाठी आत्यानं दोन वर्षं जादा पाळ्या केल्या होत्या. त्या लेन्सची काच एवढी मोठी होती की खोलीत एक दिवा असला तरी माणसाचा चेहरा उजळून यायचा.

पुढे आत्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. ठकी कॉलेजात गेली त्या वर्षी आत्यानं कॅमेऱ्याची अख्खी पिशवी तिच्या गळ्यात अडकवली. "कपाटात बुरशी लागण्यापेक्षा तुझ्याकडे असलेला बरा," एवढंच म्हणाली.

पहिलं वर्ष ठकीनं काय काय टिपलं! वडिलांचे सुई ओवतानाचे डोळे, दुकानातल्या बिनडोक्याच्या पुतळ्यांवर पडलेलं ऊन, आईच्या हातांवरचे साबणाचे फुगे. कॅमेऱ्याची चाकं न बघता फिरवता येण्याइतकी बोटं तयार झाली. आत्या दर रविवारी फोटो बघायची आणि एक्स-रे बघावा तसा प्रत्येक फोटो उजेडाकडे धरायची. "हा नीट आलाय. हा हललाय. आणि हा तू काढलेला नाहीस, आपोआप निघालाय."

मग ठकी कॉलेजच्या फोटोग्राफी मंडळात गेली आणि घोडं पेंड खायला लागलं.

मंडळात पंधरा जण होते. त्यांतल्या चौदांकडे दुसऱ्याच एका कंपनीचे कॅमेरे. त्यांचा म्होरक्या शेवटच्या वर्षाचा एक उंच मुलगा होता. बोलायला लागला की थांबायचा नाही, म्हणून त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. या मंडळींनी आपसात लेन्सांची देवाणघेवाण ठेवली होती. ज्याला जी हवी ती त्यानं आठवडाभर न्यावी. ठकीला मात्र कुणाचीच लेन्स चालायची नाही, कारण एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसतच नाही. पंगतीत सगळ्यांना वाढावं आणि एकीचंच पान कोरडं राहावं, तसं तिचं व्हायचं.

"तू चुकीच्या कंपनीत अडकलीयेस," प्रोफेसरनं एकदा निदान केलं. "आमच्याकडे ये. पुढचं वर्षभर माझी लांब पल्ल्याची लेन्स तूच वापर. रंग बघ आमच्याकडचे! तुझ्या फोटोंत माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात."

ते वाक्य ठकीला लागलं. वार्षिक प्रदर्शनात तिचा एकही फोटो निवडला गेला नव्हता. त्याचं कारण शोधतच होती, ते आयतं हातात आलं. दोष आपला नाही, कॅमेऱ्याचा आहे, याच्याइतकं गोड औषध दुसरं नसतं.

तिनं घरी विषय काढला तेव्हा वडील काजं करत होते. त्यांनी मान वर केली नाही. "नाचता येईना, अंगण वाकडं. सुई बदलून शिवण सुधारत नाही, पोरी."

"बाबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही."

"नाही कळत," वडील म्हणाले. "आत्याला विचारलंस का?"

"विचारणार आहे," ठकी म्हणाली. पण विचारलं नाही. आत्या नको म्हणेल अशी भीती नव्हतीच. ती 'का?' असं विचारेल आणि आपल्याला धड उत्तर देता येणार नाही, ही होती.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. शिकवण्यांतून साठवलेले पैसे नव्या कॅमेऱ्याच्या निम्म्यालाही पुरत नव्हते. जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या काकांनी आत्याचा कॅमेरा उलटसुलट करून बघितला आणि बाजूला ठेवला. चेहऱ्यांची ती लेन्स मात्र बराच वेळ हातात धरून ठेवली. "ही ठेवायची नाही का?"

"नव्या कॅमेऱ्याला बसत नाही ना."

"ते खरं," काका म्हणाले. "पण अशी परत मिळत नाही."

ठकीनं सगळंच दिलं. बदल्यात नवा कोरा कॅमेरा आला आणि त्याच्यासोबत खोक्यातच येते ती हलकी, प्लॅस्टिकची लेन्स. तिच्यापलीकडे काही घेण्याची ऐपत उरली नव्हती. पण प्रोफेसरची लेन्स मिळणारच होती, तेव्हा चिंता कसली?

तीन आठवड्यांनी आत्या निवृत्त झाली.

इस्पितळाच्या तळघरातल्या उपाहारगृहात निरोपाचा कार्यक्रम होता. एक्स-रे विभागानं बाहेरचा फोटोग्राफर बोलवायचं ठरवलं होतं, ते आत्यानं मोडून काढलं. "माझी भाची काढेल. माझ्याच कॅमेऱ्यानं." कार्यक्रम सुरू झाल्यावर दोघातिघांनी मोबाइल वर केले तेव्हाही तिनं दटावलं, "खाली ठेवा ते. आपला फोटोग्राफर आहे."

ठकी नवा कॅमेरा घेऊन आली. आत्यानं दुरूनच तो पाहिला आणि तिची नजर कंपनीच्या नावावर थांबली. लोक भोवती होते. ती एवढंच म्हणाली, "आपला कुठंय?"

"बदलला, आत्या. हा जास्त चांगला आहे."

"आणि चेहऱ्यांची लेन्स?"

"ती याला बसत नाही."

"बरं," आत्या म्हणाली आणि कुणीतरी हाक मारली तिकडे गेली.

तळघराला खिडक्या नव्हत्या. चार ट्यूबलाइट, त्यातली एक मिचमिचणारी. ठकीची नवी लेन्स एवढ्या उजेडात चाचपडायला लागली. भाषणं झाली, एकेकानं आठवणी सांगितल्या, सगळे ओळीत उभे राहिले. स्तब्ध उभ्या माणसांचे फोटो बरे येत होते. ठकीचा जीव थोडा भांड्यात पडला.

मग विभागाच्या प्रमुख डॉक्टर पुढे आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. आत्या आणि मोठ्या बाई अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे ठकीलाच काय, इस्पितळाच्या माळ्यालाही माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी एका एक्स-रेवर डाव्या हाताच्या जागी उजव्याची खूण पडली होती. ती वेळेत लक्षात आली आणि रुग्णाला काही झालं नाही. पण मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत आत्याला धारेवर धरलं. आत्या म्हणाली, तो मी काढलेलाच नाही. बाई म्हणाल्या, कारणं नकोत. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं चिठ्ठ्यांवर.

एक्स-रे विभागातले सगळे छातीवर एक छोटा बिल्ला लावतात. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून मोजतात. नोकरी सोडताना तो परत द्यायचा असतो. मोठ्या बाई आत्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या हातानं तो बिल्ला सोडवायला लागल्या. सोडवता सोडवता त्या वाकून आत्याच्या कानाशी काही बोलल्या. आत्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग एकदम तिचा बांध फुटला. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं बाईंचा हात बिल्ल्यासकट छातीशी धरला.

ठकी तीन पावलांवर होती. एवढं सगळं समोर घडत होतं आणि तिच्या बोटांनी लेन्सचं कडं सवयीनं फिरवलं, आत्याच्या कॅमेऱ्याला फिरवायचं तसं. नव्या कंपनीचं कडं उलट्या दिशेनं फिरतं. चेहरे जवळ यायच्या ऐवजी लांब पळाले. तिनं घाईनं उलटं फिरवलं, बटण दाबलं. मंद उजेडात कॅमेऱ्यानं आपल्या सवडीनं डोळा उघडला आणि मिटला. तेवढ्यात बाई मागे सरल्या होत्या.

घरी जाताना बसमध्ये तिनं तो फोटो पाहिला. पुढे बाईंचा खांदा आणि मागे आत्याच्या चेहऱ्याच्या जागी हललेला, पुसट, पांढुरका डाग. तसलेच आणखी दोन. आत्या हे उजेडाकडे धरून बघेल, हा विचारच ठकीला सोसेना. तिनं तिन्ही पुसून टाकले. एका बटणाचं तर काम.

रविवारी अकरा चांगले फोटो घेऊन ती आत्याकडे गेली. आत्यानं ते सावकाश पाहिले. "बिल्ल्याचा नाही?"

"बघते. कार्डात असेल."

"बघ." मग आत्या चहा गाळता गाळता म्हणाली, "बाई काय म्हणाल्या सांगू? 'ती डाव्या-उजव्याची चूक तुझी नव्हती. मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. सांगायचं राहून गेलं.' अकरा वर्षं राहून गेलं बघ माणसाचं." ती हसली. मग कप पुढे सरकवत म्हणाली, "कॅमेरा तुला दिला होता, तेव्हा तो तुझाच. विकायला माझी परवानगी नको होती, ठके. पण सांगायचंस तरी."

दुसऱ्या दिवशी ठकी धावत जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेली. लेन्स काचेच्या कपाटात दोनच दिवस टिकली होती. "कुणी नेली?" या प्रश्नावर काकांनी मान हलवली. असं सांगायचं नसतं, म्हणाले. तिचा नंबर लिहून घेतला. त्या नंबरावर कधी फोन आला नाही. प्रोफेसर परीक्षा देऊन नोकरीला परगावी गेला, लांब पल्ल्याची लेन्स अर्थातच त्याच्याबरोबर गेली. नव्या कॅमेऱ्यातही ठकीचे फोटो ठकीसारखेच यायचे. फक्त कावीळ गेली होती.

वर्षभरानं आत्याचा फोन आला.

"ठके, मोठ्या बाई गेल्या. माझा आणि त्यांचा एकत्र असा एकही फोटो नाही गं. तो बिल्ल्याचा कसाही असू दे, हललेला असू दे, आम्ही दोघी त्यात आहोत ना? तेवढा दे मला."

ठकीच्या तोंडून निघून गेलं, "आत्या, ते कार्डच खराब झालं."

फोन ठेवल्यावर तिनं कार्ड शोधलं. त्यावर मधल्या काळात शेकड्यांनी फोटो पडले होते. ज्याला पुसलेले फोटो परत आणता येतात अशा माणसाकडे ती गेली. त्यानं दोन दिवस खटपट करून तिला नऊ फोटो परत दिले. सगळे कॉलेजच्या धावण्याच्या शर्यतीचे, त्यातले निम्मे खालून करड्या पट्ट्यांचे. तळघराचा एकही नव्हता.

आता ठकी छत्तीसची आहे. मोठमोठ्या दुकानांच्या जाहिरातींसाठी ती बूट, पंखे, भांडी यांचे फोटो काढते. कॅमेरा अजून त्या दुसऱ्याच कंपनीचा आहे आणि त्यात काहीही वाईट नाही. चेहऱ्यांसाठीच्या उत्तम लेन्सा तिच्याकडे आहेत, आत्याच्या लेन्सपेक्षाही भारी. आत्याचे तिनं शेकड्यांनी फोटो काढलेत. एकही पुसलेला नाही, डोळे मिटलेलेसुद्धा ठेवलेत. कॅमेरा बदलू का असं विचारायला येणाऱ्या पोरांना ती घसघशीत सल्ले देते. आपली गोष्ट तेवढी सांगत नाही.

आत्या पंच्याहत्तरीची झाली. ती आता भावाच्या घरी, दुकानामागच्या खोलीत राहते. परवा समोरच्या घरातली मुलगी तिला विचारायला आली होती, कुठला कॅमेरा घेऊ म्हणून. ठकी तिथंच बसून आत्याच्या गुडघ्यांना तेल लावत होती.

"कुठलाही घे, पण ही कंपनी घेऊ नकोस," आत्यानं ठकीच्या पिशवीकडे बोट करून बजावलं. "यांची कार्डं टिकत नाहीत. आमच्या ठकीनं एवढा सुंदर फोटो काढला होता माझा आणि आमच्या मोठ्या बाईंचा, तो गिळला या मेल्यांनी. हिची काही चूक नाही हो त्यात."

मुलीनं ठकीकडे पाहिलं. "खरंच, ताई?"

ठकीनं तेलाची बाटली उचलली, तिचं झाकण घट्ट लावलं. "कार्ड कुठल्याही कंपनीचं खराब होऊ शकतं," ती म्हणाली आणि आत्याचा दुसरा गुडघा चोळायला घेतला.