घोड्याचा वाटा

आमच्या घरात नवी सून आली की पहिल्या रामनवमीला मेलकावेरीच्या विठ्ठल मठात तिच्या माहेरच्या एखाद्या नावाजलेल्या पुरुषाची हरिकथा होते. कथा सासूनेच करायची. माझ्या वेळची माझ्या सासूने केली, आता चिपळ्या माझ्या हातात आहेत. कथा सांगण्यात कुंभकोणात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते. दुसरं कोण सांगणार?

माझी सून सर्बियाची. तिने निवडला त्यांच्याकडचा जुन्या काळचा एक सरदार. त्याचा ठिपक्यांचा घोडा माणसासारखा बोलायचा. सरदार निम्मी दारू स्वतः प्यायचा, निम्मी घोड्याला पाजायचा. गाण्यांत तो गोरगरिबांचा कैवारी. इतिहासात मात्र तुर्की सुलतानाचा मांडलिक, त्याच्याच बाजूने लढताना मेलेला.

"हेही सांगा, अम्मा," ती म्हणाली. "लपवलं तर तो माझा नाही."

पोरीचा हा ताठा मला फार आवडला. दारूचं मात्र मी परस्पर पानकम् करून टाकलं. रामनवमीला गुळाचं पाणी वाटायचंच असतं, तेच सरदारालाही पाजलं.

कथा रंगात आली. सुलतानाचा विषय निघाला तसे मठातले सर्वांत वडीलधारे मामा उठून उभे राहिले.

"सुलतानाची चाकरी केलेला मनुष्य हा. त्याची कथा देवापुढं कशाला?"

नऊवारीत अवघडून बसलेल्या सुनेचा चेहरा उतरला, आणि माझं डोकंच फिरलं.

"मामा, आपले मराठे तंजावरास पहिल्यानं आले ते कुणाची फौज घेऊन? विजापूरच्या सुलतानाचीच ना! त्यांच्या कथा आपण मिशीला पीळ देऊन ऐकतों. मग हिच्या सरदारानं काय घोडं मारलं?"

मामा खाली बसले. सून मान वर करून खणखणीत आवाजात म्हणाली, "अम्मा, आणि ते पानकम् नव्हे. दारू!"

मठभर हशा पिकला. विठ्ठलासमोर मी 'दारू' म्हणून कथा पुरी केली. अशी सून माझ्या घरात आली म्हणून ऊर भरून आला होता.

शेवटी सून पानकम् वाटत मामांपर्यंत गेली. त्यांनी पेला ओठांना न लावता वरून निम्मा घशात ओतला आणि उरलेला तिच्या हातात परत दिला.

"हा तुझ्या घोड्याचा वाटा, पोरी."