सकाळी ती बरी दिसायची

बायको दोन वर्षं आजारी होती. त्यातलं दीड वर्ष मी म्हणत होतो, नखरे करते.

सांज झाली की तिच्या पापण्या उतरायच्या, आवाज नाकातून यायचा, भाकरीचा घास गालातच राहायचा. मी चिडायचो. एकदा तिनं अर्धं ताट सरकवलं, मी बोललो. ती म्हणाली, "मले घास गियता येत नाई, अन् तुमाले नखरा वाटते."

चांदूर बाजारच्या डॉक्टरकडे चारदा नेलं. आमची अक्कल अशी, की दवाखाना म्हणजे पहिली एसटी; नंबर लवकर लागतो. रात्रभर आराम झालेला, वर ठेवणीतलं पातळ नेसून ती ताठ बसायची. डॉक्टर डोळे बघायचा, तर डोळे टक्क उघडे. वय झालं म्हणायचा अन् ताकदीच्या गोळ्या द्यायचा.

शेवटी अमरावतीला गेलो. वाटेत एसटी पंक्चर झाली, पोचायला चार वाजले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वर बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात दोन्ही पापण्या पडल्या.

बाईंनी मग समजावलं. नस मांसाला हुकूम देते तो रसायनाच्या थेंबांनी. ते झेलणारे कण मांसाच्या पेशीच्या पातळ पडद्यावर, बरोबर नसेच्या तोंडासमोर, दाटीनं बसलेले असतात. हिच्या रक्तातलंच काहीतरी त्यांची बैठक मोडत होतं. कण पांगले, हुकूम अर्धाच पोचायचा. आराम झाला की थोडं भागायचं, म्हणून सकाळी बरी. मी आयुष्यभर बाजारात मिरची विकली. दुकान वाटेसमोरून उठवून मागच्या कोपऱ्यात टाकलं, तर माल तोच असून धंदा बसतो. मले एका दमात समजलं. एवढ्यासाठी दीड वर्ष गेलं, याचाच राग येतो.

औषधावर सहा महिने निघाले. मग घास श्वासनळीत गेला, छाती भरली, अन् ती गेली.

तेरवीनंतर मी चांदूर बाजारच्या डॉक्टरकडे भांडायला गेलो. जे तोंडात आलं ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, संध्याकाळी त्रास होतो हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही."

नव्हतंच सांगितलं. घरचे नखरे डॉक्टरले काय सांगायचे? तो विचारायचा तिला, उत्तर द्यायचो मी: अशक्तपणा आहे. एकदा ती स्वतः बोलायला लागली होती. मी म्हटलं, "तू थांब, मी सांगतो."