शुभेच्छुक म्हणून माझा फोटो

शाहूपुरीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आमच्या कोल्हापुरात वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला नाही, तर आपण जन्मलो की नाही अशी माणसाला शंका येते. असल्या हसऱ्या चेहऱ्यांवरच माझं घर चालतं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

दुकानावरच्या खोलीत एक परदेशी चित्रकार भाड्यानं राहायचा. शिकायला आला होता, मग तिकडचं सरकार बिथरलं आणि परतीची वाट बंद झाली. त्याच्या देशात घराघरात राष्ट्रप्रमुखाची तसबीर लावावीच लागते. याच्या चित्रांत ती तसबीर भिंतीवरून उतरवलेली असायची. नुसती मळकी भिंत, खिळा आणि तसबिरीमागे स्वच्छ राहिलेला चौकोन. खाली पोलिसांनी नेल्यावर परत न आलेल्या एका माणसाचं नाव. ही चित्रं मी छापायचो आणि ती परदेशातल्या प्रदर्शनांत जायची. स्वतःचं नाव मात्र तो कुठंच घालायचा नाही.

एकदा विचारलं, तर म्हणाला, "नको, काका. तिकडं भाऊ हाय."

मी समजलो, भाऊबंदकी असणार. आमच्याकडं दुसरं काय असतं? मला त्याचा रागच आला. एवढा गुणी माणूस आणि भावाला भिऊन लपून बसतो म्हणजे काय! त्याच्या वाढदिवसाला मी त्याला न सांगता चौकात मोठा फ्लेक्स लावला. मधे त्याचा चेहरा, भोवती सगळी चित्रं, वर 'आमच्या गल्लीची शान'. खाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून हात जोडलेला मी. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी फोटो काढून जगभर पसरवले.

सकाळी तो दुधाची पिशवी घेऊन चौकात आला आणि थिजलाच.

"काढा," तो म्हणाला.

"लाजतोस काय?" मी हसत विचारलं. त्यानं पिशवी खाली टाकली, बांबूवर चढला आणि दातांनी सुतळी तोडायला लागला. तेव्हा माझं हसू थांबलं.

चौथ्या दिवशी तो दुकानात आला. भावाला तिकडच्या पोलिसांनी शाळेतून, वर्गात शिकवत असताना उचललं होतं. घरी आईला त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि विचारलं, हा तुझाच मुलगा ना? फोटो माझ्या फ्लेक्सचा होता. त्या माउलीनं कोपऱ्यात हात जोडून हसणारा मीही पाहिला असणार.

तो मला एक शब्दही वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यानं नवीन चित्र आणलं. तीच भिंत, तोच खिळा, तोच चौकोन. खाली नवं नाव.

"कोपऱ्यात माझं बी नाव घाला, काका. आता लपवून काय करू?"

मी मशीन सुरू केलं. चित्राखालची आजवरची नावं मला परकी होती. हे खालचं नाव मात्र रोज संध्याकाळी वरच्या खोलीतून ऐकू यायचं. भावाला फोन लागला की तो आधी हेच नाव मोठ्यानं घ्यायचा.